सव्वा वॅटचा हिशेब

(जळगाव येथे एका विज्ञानशिक्षकांच्या स्मरणार्थ चालणाऱ्या व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



सरांनी आयुष्यभर प्रयोगशाळा सांभाळली. त्यांच्या नावाने बोलायचे तर विषय हाताने करून पाहता येईल असा हवा. म्हणून आज मी अंतराळावर बोलणार असलो, तरी ग्रहताऱ्यांवर बोलणार नाही. नारळाएवढ्या उपग्रहात एक छोटा संगणक-बोर्ड बसवायचा असतो. त्याला वीज कशी द्यायची आणि बाकीच्या बोर्डांशी तो कसा जोडायचा, एवढाच आजचा विषय.

खानदेशात आकाशाचा विषय निघाला की पाटणचे नाव येते. चाळीसगावजवळच्या पाटण येथे इ.स. १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याचे त्यात कोरले आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख अभ्यासकांसमोर आणला. पुढे ७ जून १९७९ रोजी भारताचा जो उपग्रह सोव्हिएत रॉकेटवरून गेला, त्याचे नाव ‘भास्कर’. याचा अभिमान आपल्याला असतोच, पण मला त्या शिलालेखातली दुसरी गोष्ट मोलाची वाटते. चांगदेवांनी आजोबांचा पुतळा उभारला नाही. त्यांची गणिते पुढच्या पिढीने सोडवत राहावे अशी सोय केली. आजचे गणितही सोडवण्यासाठीच आहे, आणि त्यात बेरीज-वजाबाकीपलीकडे फारसे काही नाही.

वीज गेली की सगळे गेले

आर्यभट हा भारताचा पहिला उपग्रह. १९ एप्रिल १९७५ रोजी तो कक्षेत गेला. वजन ३६० किलो. कक्षेत पोचल्यावर थोड्याच दिवसांत त्याच्यावरच्या वैज्ञानिक उपकरणांचा वीजपुरवठा बिघडला आणि प्रयोग थांबले. उपकरणे चांगली असून चालत नाही, त्यांच्यापर्यंत वीज पोचावी लागते, हा धडा आपल्या अंतराळ कार्यक्रमाला पहिल्याच उपग्रहाने दिला.

तेव्हा आपल्याकडे उपग्रह सरकार बनवत असे. १९९९ मध्ये अमेरिकेत जॉर्डी पुइग-सुआरी आणि बॉब ट्विग्ज या दोन प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांसाठी एक माप ठरवले: दहा सेंटिमीटर बाजूचा घन. त्याला ‘क्यूबसॅट’ म्हणतात. मूळ मर्यादा एका किलोच्या आसपासची. आपल्याकडे पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या, म्हणजे सीओईपीच्या, विद्यार्थ्यांनी याच मापाचा ‘स्वयम्’ बांधला. तो २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ वरून गेला. त्या एका उड्डाणात एकूण २० उपग्रह होते. त्याच वर्षी २६ सप्टेंबरला आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांचा दहा किलोंचा ‘प्रथम’ गेला.

स्वयम् मधली एक निवड आजच्या विषयाला धरून आहे. उपग्रह गरगर फिरत राहिला तर अँटेना हवी त्या दिशेला राहत नाही. त्याला सावरायला फिरती चाके किंवा विजेवर चालणारी चुंबकी वेटोळी लावतात. स्वयम् मध्ये साधे कायमचे चुंबक आणि खास मिश्रधातूच्या कांड्या बसवल्या होत्या. चुंबक पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी जुळून घेते, कांड्या गरगर मुरवतात. या कामाला लागणारी वीज शून्य. त्या विद्यार्थ्यांनी असे का केले असावे, हे पुढचे आकडे पाहिल्यावर आपोआप कळेल.

जमा

वातावरणाच्या वर एका चौरस मीटरवर सुमारे १३६१ वॅट ऊन पडते. आपल्याकडे भर दुपारी एक हजारच्या आसपास पोचते. आता आपल्या घनाची एक बाजू घ्या. तिच्यावर साधारण तीस चौरस सेंटिमीटरचे दोन सोलर सेल बसतात. साठ चौरस सेंटिमीटरवर आठ वॅट ऊन. उपग्रहांसाठीचे चांगले सेल त्यातले तीस टक्के विजेत बदलतात. म्हणजे ऊन अगदी समोरून पडले तर अडीच वॅटला थोडे कमी.

पण ऊन नेहमी समोरून पडत नाही. एखादी बाजू अँटेनाला आणि जोडणीच्या भोकांना द्यावी लागते. तापलेला सेल कमी वीज देतो, हे तुम्हाला मे महिन्यात वेगळे सांगायला नको. बॅटरी भरताना आणि व्होल्टेज बदलताना काही वीज वाया जाते. शिवाय पाचशे किलोमीटर उंचीवरचा उपग्रह सुमारे ९५ मिनिटांत पृथ्वीला एक फेरी घालतो आणि त्यातली ३५ मिनिटांपर्यंत तो पृथ्वीच्या सावलीत असू शकतो. सगळे वजा करता सरासरी सव्वा ते दीड वॅट हाती लागते. मी सव्वा धरतो. हिशेबात उत्पन्न नेहमी कमीच धरावे.

धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ पासून आहे. आपला उपग्रह त्याच्या दहा कोटीवा भाग. पण दोघांना वीज देणारा सूर्य एकच, आणि सूर्य मावळल्यावर काय करायचे हा प्रश्नही एकच.

सव्वा वॅट गुणिले ९५ मिनिटे, म्हणजे एका फेरीला दोन वॅट-तास. आता हे खर्चायचे कसे ते पाहू.

खर्च

रास्पबेरी पायसारखा, लिनक्स चालवणारा बोर्ड तुमच्यापैकी अनेकांनी प्रोजेक्टसाठी वापरला असेल. असे बोर्ड खरेच वर गेले आहेत. अमेरिकेतल्या युटा स्टेट युनिव्हर्सिटीच्या विद्यार्थ्यांचा ‘गॅसपॅक्स’ २०२२ च्या सुरुवातीला अंतराळ स्थानकातून सोडला गेला. त्याचा मुख्य संगणक रास्पबेरी पाय झिरो होता. असा बोर्ड कामात असताना दीड वॅट घेतो असे धरा. तो सतत चालू ठेवला तर एका फेरीत जवळपास २.४ वॅट-तास गेले. उत्पन्न दोन. रेडिओला, बॅटरीच्या हीटरला एक थेंबही न देता आपण तोट्यात.

म्हणून हा बोर्ड झोपलेला असतो. दर फेरीत दहा मिनिटे त्याला उठवायचे, फोटो काढून घ्यायचा, तो आवळून छोटा करून घ्यायचा आणि पुन्हा बंद करायचे. खर्च पाव वॅट-तास. सतत जागे राहायचे काम एका छोट्या मायक्रोकंट्रोलरकडे, ज्याला काही दशांश नव्हे तर काही शतांश वॅट पुरतात. जमिनीवरचा आदेश ऐकणारा रिसीव्हर मात्र कधीच बंद करायचा नाही. दोघांचे मिळून साधारण ०.३५ वॅट धरा, म्हणजे फेरीला ०.५५ वॅट-तास. ट्रान्समीटर एक वॅट हवेत फेकायला बॅटरीतून चार वॅट ओढतो. दहा मिनिटांचे झाले ०.६७. एकूण दीडला थोडे कमी. उरलेले अर्धा वॅट-तास हीटर आणि अडीअडचणीसाठी. जमले.

बॅटरीचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. लॅपटॉपच्या पॅकमध्ये असतात तसे १८६५० आकाराचे लिथियम-आयन सेल वापरतात. २६०० मिली-अँपिअर-तासांचा एक सेल म्हणजे सुमारे साडेनऊ वॅट-तास. सावलीच्या ३५ मिनिटांना त्यातला अगदी थोडा भाग लागतो. मग एवढा मोठा सेल कशाला? दिवसाला पंधरा फेऱ्या, वर्षाला साडेपाच हजार. तितक्या वेळा तो उतरणार आणि भरणार. दर वेळी तळाला नेलात तर सेल काही महिन्यांत संपेल; वरवरच वापरलात तर वर्षे टिकेल. आणखी एक पथ्य असे की शून्य अंशाखाली हा सेल भरायचा नाही. भरला तर आत धातुरूप लिथियमचा थर साचतो आणि सेल कायमचा बिघडतो. म्हणूनच हीटरची तरतूद.

उड्डाणाआधीचा खर्च मात्र पुष्कळांच्या यादीत नसतो. उपग्रह रॉकेटच्या पेटीत गेल्यावर पूर्ण निर्जीव असावा लागतो. त्यासाठी कडेला दाबून राहणारे स्विच असतात. पेटीतून बाहेर पडल्यावर ते सुटतात आणि तेव्हाच वीज चालू होते. त्यानंतरही नियमाप्रमाणे अँटेना उघडायला निदान ३० मिनिटे आणि रेडिओ सुरू करायला निदान ४५ मिनिटे थांबायचे. आता समजा, स्विचच्या अलीकडे तुम्ही बॅटरीला जोडलेले एखादे सर्किट ठेवले आणि ते फक्त ०.१ मिली-अँपिअर घेते. उड्डाण सहा महिने लांबले, तर ४३२ मिली-अँपिअर-तास गेले. सेलचा सहावा हिस्सा जमिनीवरच संपला.

जोडणी

या उपग्रहांत बोर्ड एकावर एक रचतात. बोर्डाचा आकार आणि कडेच्या १०४ पिनांची रचना ‘पीसी/१०४’ या औद्योगिक संगणकाच्या पद्धतीतून आली. बोर्ड एकमेकांत बसतात, तारांचे जंजाळ होत नाही. पण पिना जिथल्या तिथे बसल्या म्हणजे जोडणी झाली असे नव्हे. कोणत्या पिनेवर काय द्यायचे, हे सगळ्या उत्पादकांनी एकसारखे ठरवलेले नाही. एकाच्या बोर्डावर जिथे पाच व्होल्ट आहे, तिथे दुसऱ्याच्या बोर्डावर ३.३ व्होल्टचा सिग्नल असू शकतो. दोन्ही बोर्ड निर्दोष. एकत्र दाबले की धूर. म्हणून पहिले काम सोल्डरिंगचे नाही, कागदाचे. १०४ ओळींचा तक्ता करा. पिन, नाव, व्होल्टेज, देणारा कोण, घेणारा कोण. तक्ता पुरा होईपर्यंत बोर्डाला बोर्ड लावू नका.

बाजारातल्या बोर्डाला वीज यूएसबीच्या खोबणीतून मिळते. रॉकेटच्या थरथराटात ती खोबण भरवशाची नाही. मग पाच व्होल्ट पिनेवरून देतात. पण खोबणीच्या मागे जो फ्यूज असतो तो अनेक बोर्डांवर या पिनेच्या वाटेत नसतो. संरक्षण बाहेरून द्यावे लागते. तारही बारीक चालत नाही. जाण्या-येण्याच्या वाटेत मिळून ०.२ ओहम रोध असेल आणि बोर्डाने एक अँपिअर ओढला, तर पाच व्होल्टचे ४.८ झाले. रास्पबेरी पाय ४.६३ व्होल्टच्या आसपास कमी दाबाचा इशारा देतो. एवढ्याशा रोधात निम्मी सवलत संपली. म्हणून विजेला आणि ग्राउंडला दोन-दोन, तीन-तीन पिना द्याव्यात. तारांचे आवरण नेहमीच्या पीव्हीसीचे नको. निर्वातात त्यातून वायू सुटतो आणि भिंगावर, सेलवर बसतो. टेफ्लॉनचे आवरण घ्यावे.

सगळ्यात छळणारा दोष सुरू होण्याच्या क्षणाचा. बोर्डावर कपॅसिटर असतात. रिकामा कपॅसिटर पहिल्या क्षणी जवळपास शॉर्ट सर्किटसारखा वागतो. मोठा बोर्ड चालू केला की त्या लाइनचे व्होल्टेज क्षणभर कोसळते. छोटा कंट्रोलर त्याच लाइनवर असेल, तर तो रीसेट होतो. उठतो, वेळापत्रक पाहतो, मोठा बोर्ड चालू करतो, पुन्हा रीसेट. टेबलावर हे कधी दिसत नाही, कारण प्रयोगशाळेचा पॉवर सप्लाय हवा तेवढा प्रवाह देतो. अर्धी उतरलेली, थंडगार बॅटरी तो देत नाही. थंडीत तिचा अंतर्गत रोध वाढतो. चाचणी तशा बॅटरीवर घ्यायची. उपायही ठरलेले आहेत: कंट्रोलरची लाइन वेगळी ठेवायची, आणि मोठ्या बोर्डाच्या वाटेत व्होल्टेज हळूहळू चढवणारा, प्रवाहाला मर्यादा घालणारा स्विच बसवायचा.

शेतकऱ्यांच्या मुलांना हे आधीच ठाऊक आहे. शेतीची लाइट पाळीपाळीने येते, पुष्कळदा रात्री. विहिरीवर कोण जाणार? म्हणून पंपाला ऑटो बसवतात. लाइट आली की पंप आपसूक सुरू. पण एका डीपीवरचे, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरचे, सगळे ऑटो एकाच क्षणी पडले की डीपीवर एकदम भार येतो आणि ती जळते. म्हणूनच महावितरण ऑटो काढा म्हणून सांगत असते. शहाणा शेतकरी मध्ये टायमर टाकतो: लाइट आली, स्थिरावली, मग पंप. उपग्रहाच्या वीजबोर्डात आपण हेच करतो. माणूस नसताना सुरू व्हायचे, पण सगळ्यांनी एकदम नाही.

बंद करण्याचा अधिकार

आता आजच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. वर किरणांचा मारा असतो. वेगवान कण चिपमध्ये शिरला तर कधी स्मृतीतला एखादा बिट उलटतो. ते रीस्टार्ट करून सुटते. पण कधी तो चिपच्या आत विजेला एक आडवाट उघडून देतो. प्रवाह वाढतो, चिप तापते. याला ‘लॅच-अप’ म्हणतात. इथे रीसेटचा उपयोग नाही. चिप जळण्याआधी तिची वीज पुरती तोडायची, थोडे थांबून पुन्हा द्यायची, एवढाच इलाज.

वीज तोडायची कोणी? ज्या बोर्डाचे डोके फिरले आहे त्यानेच? म्हणून किल्ली साध्या सर्किटकडे असते. प्रवाह ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की ते कोणाला न विचारता तोडते. शेजारी ‘वॉचडॉग’ नावाचा टायमर असतो. बोर्डाने दर काही सेकंदांनी त्याला खूण करायची. खूण आली नाही की वॉचडॉग वीज काढून पुन्हा देतो. आणि बॅटरी ठरलेल्या पातळीखाली गेली तर आधी कॅमेरा, मग मोठा बोर्ड, मग ट्रान्समीटर या क्रमाने वीज तोडत जायची. रिसीव्हर सर्वांत शेवटपर्यंत राखायचा. हा क्रम उड्डाणाआधी, शांत डोक्याने ठरवून ठेवायचा असतो.

इथे जोडणी आणि वीज एकमेकांत अडकतात. दोन बोर्डांमध्ये माहितीच्या तारा असतात. आयटूसी पद्धतीत तर दोनच तारांवर सगळे बोलतात. एक बोर्ड बंद असताना दुसऱ्याकडून त्या तारेवर ३.३ व्होल्ट येत राहिले, तर बंद बोर्डाच्या पिनेतल्या संरक्षक डायोडमधून वीज आत झिरपते. आपण समजतो, पुरवठा तोडला. बोर्ड मात्र माहितीच्या तारेवर अर्धमेला तग धरून असतो. लॅच-अप सुटत नाही. शिवाय अशा अर्धमेल्या बोर्डाने तार खाली ओढून धरली, तर त्या तारेवरचे सगळेच मुके होतात. म्हणून ज्याची वीज तोडता येते, त्याच्या माहितीच्या ताराही त्याच वेळी तोडता आल्या पाहिजेत. वीज नसताना स्वतःहून अलग होणारे बफर मिळतात, ते मध्ये घाला.

मेमरी कार्डावर लिहिणे चालू असताना वीज गेली तर फाइल-व्यवस्था बिघडते, हेही तुम्ही अनुभवले असेल. आधी बोर्डाला आवरायला सांगायचे, अर्धा मिनिट द्यायचे, मग तोडायचे. न आवरता तोडावे लागलेच, तर मूळ प्रणालीची प्रत न लिहिता येणाऱ्या भागात हवी, आणि तिची आणखी एक प्रतही.

तेव्हा उपग्रहात हुशारी मोठ्या बोर्डात असली, तरी भरवसा छोट्यावर ठेवायचा. हुशार बोर्ड फसणार हे धरूनच रचना करायची. जो फसू शकतो त्याच्या विजेची चावी त्याच्याकडे असू नये, हा या सगळ्याचा सारांश आहे.

आपण काय करायचे

इथे विद्यापीठ १५ ऑगस्ट १९९० पासून आहे. जळगावात शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. भुसावळ, शिरपूर, धुळे इथेही अभियांत्रिकी शिकवले जाते. उपग्रह बांधायला पैसा लागतो, निर्वात-कक्ष लागतो, हे खरे. पण आज मी सांगितलेले जवळजवळ सगळे टेबलावर करता येते. बोर्ड टेबलावर पसरून तारांनी जोडलेल्या उपग्रहाला ‘फ्लॅटसॅट’ म्हणतात. दोन सेल, एक सोलर पॅनल, एक छोटा कंट्रोलर, एक लिनक्स बोर्ड, मर्यादा घालणारा स्विच. सुरुवात एवढ्यावर होते.

दुसरे, ऐकायला शिका. अंतराळ स्थानकावरचा हौशी रेडिओ १४५.८०० मेगाहर्ट्झवर ऐकू येतो. उपग्रह डोक्यावरून जातो तेव्हा हातात जेमतेम आठ-दहा मिनिटे असतात. तेवढ्यात सिग्नल धरून ठेवण्याचा सराव असलेला विद्यार्थी ट्रान्समीटरचा वॅट-तास कधी वाया घालवणार नाही.

तिसरे, वर जायला आता पूर्ण उपग्रहच लागतो असे नाही. पीएसएलव्हीचा चौथा टप्पा काम संपल्यावर वाया जायचा. इस्रोने त्यावर सोलर पॅनल, बॅटरी आणि स्थिर ठेवण्याची व्यवस्था बसवून ३० जून २०२२ रोजी तो प्रयोगांसाठी खुला केला. याला ‘पोएम’ म्हणतात. १ जानेवारी २०२४ च्या उड्डाणात मुंबईच्या के. जे. सोमय्या तंत्रज्ञान संस्थेचे ‘बिलीफसॅट-०’ हे हौशी रेडिओचे उपकरण अशाच टप्प्यावर होते. ३० डिसेंबर २०२४ च्या उड्डाणात ॲमिटी विद्यापीठ, मुंबई यांचा पालकाच्या पेशींवरचा प्रयोग गेला. तिथे वीज टप्पा देतो. तुम्ही ठरलेल्या वॅटमध्ये राहायचे आणि ठरलेल्या कनेक्टरला नीट जुळायचे. म्हणजे खर्च आणि जोडणी, आजचे दोनच धडे.

स्वयम् ला सुमारे आठ वर्षे लागली. अभियांत्रिकीचे विद्यार्थी चार वर्षांत बाहेर पडतात. ज्यांनी पहिली पिन ठरवली, ते उड्डाणाच्या वेळी महाविद्यालयात नव्हते. तरी उपग्रह गेला, कारण काम लिहून ठेवले होते आणि नव्या मुलांना ते वाचता येत होते. त्यामुळे तुमच्या तक्त्यावर प्रत्येक बदलाची तारीख, कारण आणि करणाऱ्याचे नाव असू द्या. ‘तोंडी सांगितले होते’ हे वाक्य या कामात बाद समजा.

जाता जाता एक चाचणी देतो. फ्लॅटसॅट चालू ठेवा आणि त्याची वीज वाटेल त्या क्षणी काढा. लिहिताना, उठताना, बोलताना. हजार वेळा काढा. दर वेळी कोणाचा हात न लागता तो परत उभा राहतो का, आणि राहिला नाही तर का नाही, याची वही ठेवा. ज्या महाविद्यालयाची ती वही भरेल, त्याने इस्रोकडे अर्ज करायला पुण्या-मुंबईची वाट पाहू नये.